आज सूचना: शून्य

वहिनींना काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत बसवलं, ते धाकट्याच्या एका वाक्यावर. वाक्य साधं होतं. "बाहेरून कोणीही आत आलेलं नाही." डॉक्टरबाईंनी विचारलं, त्यानं सांगितलं आणि तो खुर्चीत मागे रेलून बसला. विचारलं त्याचं उत्तर दिलं, पुढचं ज्याचं त्यानं बघावं, असा एकूण आव होता.

घडलं होतं ते असं. डॉक्टरबाईंचं रक्त तपासायचं केंद्र होतं. एका पेशंटबाईंना भलत्याच माणसाचा फोन आला. तो औषधं विकत होता, आणि त्या बाईंची साखर किती आहे ते त्याला दशांशापर्यंत पाठ होतं. बाईंनी तो आकडा अजून नवऱ्यालाही सांगितला नव्हता. मग आणखी एकाला असाच फोन आला, मग आणखी काहींना. डॉक्टरबाईंनी या सगळ्यांचे रिपोर्ट कोणी उघडले ते बघायला लावलं, तर त्या यादीत वेळ नव्हती, नुसती नावं होती, आणि प्रत्येक रिपोर्टपुढं एकच लॉगिन निघालं. वहिनींचं.

वहिनी म्हणजे धाकट्याच्या थोरल्या भावाची बायको. त्या रिपोर्टच्या काउंटरवर इतकी वर्षं बसत होत्या की जुने पेशंट केंद्राचं नाव विसरायचे आणि "त्या बाईंकडं जाऊन येतो" म्हणायचे. धाकट्याची आधीची कंपनी बुडाली तेव्हा "आमच्या भाऊजींना सर्व्हरमधलं सगळं येतं" असं डॉक्टरबाईंच्या कानावर घालून त्याला इथं चिकटवलं होतं तेही वहिनींनीच.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर वहिनींनी रिपोर्ट उघडून कोणाला तरी दिले, नाहीतर बाहेरचा कोणी त्यांचा पासवर्ड मिळवून आत शिरला. यातलं कुठलं खरं हे सांगू शकणारा माणूस केंद्रात एकच होता, धाकटा, कारण सर्व्हरवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर त्यानं बसवलेलं होतं. त्या पहाऱ्याच्या रोजच्या मेलमध्ये काहीच नव्हतं, म्हणून त्यानं ते वाक्य टाकलं. डॉक्टरबाई वहिनींना म्हणाल्या, "शनिवारपर्यंत तुम्ही आत बसा. मला विचार करू दे." वहिनी उठल्या, आपली पाण्याची बाटली उचलली आणि मागच्या खोलीत नमुन्यांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी जाऊन बसल्या. धाकट्यानं त्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

या पहाऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं तिथंच शिजलं.

असं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसून असतं. कोण आत येतं, कोण चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतं, कुठली फाइल कोणी बदलली, यावर ते नजर ठेवतं आणि खुट्ट झालं की ओरडतं. केंद्राचा सर्व्हर लिनक्सवर चालायचा, आणि त्यावर ते बसवायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे तयार पॅकेज. हुकूम सोडला की ते येऊन बसतं, आणि पुढं सर्व्हरचे अपडेट येतात तेव्हा तेही इतरांबरोबर अपडेट होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे मूळ सोर्स कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर आपल्या हातानं कंपाईल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम घडवायचा. त्यात हवं ते ठेवता येतं, नको ते काढता येतं. पण सर्व्हरच्या दफ्तरी अशा पाहुण्याची नोंद नसते. त्याला काही झालं तर विचारायला कोणी येत नाही.

केंद्रात फोनचं आणि केबलचं काम बघणारा एक गृहस्थ होता. त्याला सगळे तारवाला म्हणत. तो म्हणाला होता, "पॅकेज तयार आहे की. दोन ओळी टाइप करा, चहा प्या, झालं."

धाकट्यानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं सुगरण बाई बाहेरून जेवण मागवणाऱ्याकडं बघते. "पॅकेज म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास. आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. मी सोर्सपासून बांधणार."

"बांधा बापडे. मी आळशी माणूस, मला चावलेला घासच बरा पडतो. पण सर्व्हर अपडेट होईल तेव्हा तुमच्या या लाडक्याकडं कोण बघणार?"

"मी बघेन."

"आणि विसरलात तर?"

"मी विसरत नाही," धाकटा म्हणाला. तारवाल्यानं हात जोडले आणि तो आपल्या केबली गुंडाळायला गेला.

धाकट्याचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं नाही. सोर्सपासून बांधणारे जाणते लोक असतात, आणि त्यांना तसं करायला कारणंही असतात. पण आपण बांधलं की त्याची दुखणीही आपणच काढायची, हेही ते जाणून असतात. धाकट्याला बांधल्याचं कौतुक करून घ्यायची हौस दांडगी होती. दुखणी काढायची हौस नव्हती. बरेच दिवस खोली बंद करून तो झटला, चुकांचे लांबच्या लांब संदेश वाचत बसला आणि शेवटी पहारा उभा राहिला तेव्हा घरी येऊन दादाला आणि वहिनींना ते सगळं जेवता जेवता समजावून सांगितलं. दोघांनाही ओ की ठो कळलं नाही, पण वहिनींनी त्या आनंदात त्याला आग्रह करकरून वाढलं.

वर त्यानं स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहारा ज्या फाइलमध्ये सूचना लिहायचा ती फाइल हा प्रोग्रॅम वाचायचा आणि रोज सकाळी डॉक्टरबाईंना मेल पाठवायचा: "आज सूचना: इतक्या." सुरुवातीला रोज काही ना काही असायचंच. कोणाचा तरी पासवर्ड चुके, कोणी काही बंद करून चालू करी. धाकटा फालतू सूचना गाळत गेला. मग सर्व्हरचा एक मोठा अपडेट आला, सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि त्यानंतरच्या सकाळी मेल आला: "आज सूचना: शून्य." दुसऱ्या दिवशीही शून्य, तिसऱ्याही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान घडी बसली हो तुमची." धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शून्य इतकं सलग कसं येतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. स्वतःच्या स्तुतीबद्दल शंका घेणारा माणूस विरळाच.

वहिनींना मागच्या खोलीत बसवलं त्या संध्याकाळी नेहमीसारखंच जेवण झालं. धाकटा वरच्या मजल्यावर एकटा राहायचा आणि जेवायला खाली यायचा. दादा छापखान्यात रात्रपाळीला जायचा, म्हणून जेवण लवकर होई. त्या दिवशी दादानं एकदोनदा खाकरून बघितलं, पण गाडी पुढं सरकली नाही. मग वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या यंत्रात परत एकदा बघाल का? म्हणजे चुकून काही राहिलं असेल तर."

"बघितलं मी, वहिनी," धाकटा म्हणाला. "जेवायला खाली येण्याआधीच परत बघितलं. काही नाही."

त्यानं बघितलं नव्हतं. सकाळचा मेल वाचला होता तेवढाच. मग खोटं का बोलला? खरं सांगायचं तर त्याला त्या प्रश्नाचा राग आला होता. आपण एवढं डोळ्यांत तेल घालून बांधलेलं, त्यात काही राहून जाईल असं घरच्याच माणसानं म्हणावं, हे त्याला टोचलं. आणि आतून कुठंतरी असंही वाटत होतं, की वहिनी साध्याभोळ्या, कोणाला तरी पासवर्ड सांगून बसल्या असतील. वहिनींनी मान हलवली आणि ताटातलं संपवलं. दादा बायकोकडं बघत होता. त्या नजरेत नाही म्हटलं तरी एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न धाकट्याच्या उत्तरानं तिथं आणून ठेवला होता.

दोन दिवस गेले. वहिनी कामावर यायच्या, मागच्या खोलीत बसायच्या, काम काही नव्हतं म्हणून खोकी पुसायच्या. काउंटरवर दुसऱ्या विभागातली एक मुलगी बसवली होती. पेशंट विचारायचे, "त्या बाई कुठं गेल्या?" ती मुलगी म्हणायची, "आत आहेत," आणि खाली बघायची. सगळ्या केंद्राला कळलं होतं. कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण वहिनी पाणी भरायला बाहेर आल्या की बोलणं थांबे.

गुरुवारी दुपारी धाकट्यानं खबरदारी म्हणून सर्व्हरचा आपला स्वतःचा पासवर्ड बदलला. चांगला लांबलचक ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या विसरला. एकदा चुकला, परत चुकला, इतक्यांदा चुकला की सर्व्हरनं त्यालाच बाहेर काढलं. तारवाला दारात उभा राहून पोट धरून हसला. शेवटी दुसऱ्या खात्यातून जाऊन धाकट्यानं कुलूप उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यानं मेल उघडला. "आज सूचना: शून्य."

तो वाचून पुढं गेला, आणि मग परत मागं आला. काल तो स्वतःच चोरासारखा दारावर धडका मारत होता. पहाऱ्यानं निदान त्याला तरी धरायला हवं होतं.

त्यानं सर्व्हरला विचारलं, पहारा चालू आहे का? नव्हता. कधीपासून नव्हता? त्या मोठ्या अपडेटपासून. अपडेटनं एक जुनी लायब्ररी, म्हणजे ज्याच्या आधारावर इतर प्रोग्रॅम चालतात तो तयार कोड, काढून नवी बसवली होती. धाकट्याचा पहारा जुनीच्या मापानं बांधलेला. सर्व्हर पुन्हा चालू झाला तेव्हा पहारा उठायला गेला, त्याला आपली लायब्ररी सापडली नाही, आणि तो तिथंच आडवा झाला. पॅकेज असतं तर अपडेटनं त्यालाही नव्या मापाचं करून घेतलं असतं, नाहीतर आधीच अडून बसून विचारलं असतं. या पाहुण्याची नोंदच नव्हती, त्यामुळे विचारणार कोण? आणि धाकट्याचा मेलवाला प्रोग्रॅम, त्याचं काम फक्त मोजायचं, तो ज्या फाइलमध्ये कोणी काही लिहीत नव्हतं ती फाइल रोज सकाळी इमानेइतबारे मोजत होता.

धाकट्याचे कान तापले. चांगलं वाटत नाही सांगायला, पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो वहिनींचा नव्हता. त्यानं आधी वळून बघितलं, तारवाला दारात नाही ना. मग उठून दार लावलं.

दार लावून तो सर्व्हरचे स्वतःचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, वाचायला बसला. हे लॉग पहारा असो नसो लिहिले जातातच, फक्त कोणीतरी उघडून बघावे लागतात. फार शोधावं लागलं नाही. डॉक्टरांना घरून रिपोर्ट बघता यावेत म्हणून जी वाट ठेवली होती, त्या वाटेवर परक्या इंटरनेट-पत्त्यावरून कोणीतरी ठाण मांडून बसलं होतं. वहिनींच्या नावानं पासवर्ड टाकून बघायचा, चुकला की दुसरा, तो चुकला की तिसरा. पानंच्या पानं नुसती चुकीच्या पासवर्डची होती. पहारा जागा असता तर पहिल्याच दिवशी त्यानं बोंब ठोकली असती. मग एक पासवर्ड बरोबर बसला, आणि केंद्र बंद असताना, वहिनी घरी या दोघा भावांना वाढत असताना, त्यांच्या लॉगिनवरून रिपोर्टमागून रिपोर्ट उघडले गेले.

हे लॉग त्या संध्याकाळीही इथंच होते. वहिनींनी विचारलं तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन लॅपटॉप उघडला असता तरी दिसले असते. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यानं पॅकेज बसवलं. दोन ओळी. आधी आणलेला चहा पुरता गारही झाला नव्हता. पहारा उभा राहिला आणि लगेच दोनचार सूचना देऊन मोकळा झाला.

तो डॉक्टरबाईंकडं गेला, तेव्हा सगळं सांगायचं असंच ठरवून गेला होता. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "बाई, यंत्रणा अद्ययावत केली. आणखी खोलात जाऊन तपास केला. बाहेरून शिरल्याचा पुरावा सापडला आहे." एकेक शब्द घेतला तर खोटा नव्हता. डॉक्टरबाईंनी लॉग बघितले, तारखा बघितल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्यावर फार मोठे उपकार केलेत. उद्या मी त्या बाईंना काढणार होते." धाकट्यानं मान खाली घातली. डॉक्टरबाईंना तो विनय वाटला.

त्या तिथून उठल्या त्या थेट मागच्या खोलीत गेल्या, वहिनींना हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "यांची काही चूक नव्हती. मी यांची माफी मागते." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदर सावरला, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊजींनी शोधून काढलं म्हणून. नाहीतर माझं काही खरं नव्हतं." लोक धाकट्याकडं वळून कौतुकानं बघायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तारवाला मागून हळूच म्हणाला, "पॅकेज बसवलंत वाटतं?" धाकटा हो म्हणाला. "बरं केलंत," एवढंच बोलून तारवाला गेला. चेष्टा केली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी दादा नुसता उधाणला होता. जेवताना दोनदा म्हणाला, "घरात इंजिनिअर असावा तो असा." बायकोकडं त्याला धड बघवत नव्हतं, म्हणून तो भावाच्या पाठीवर थापा मारत होता. दादा कामावर गेल्यावर वहिनी ओट्यापाशी भांडी विसळायला लागल्या. एरवी धाकटा या वेळी वर जायचा. आज तो दारातच उभा राहिला.

"वहिनी, ते यंत्र बंद पडलं होतं. कधीचंच. मी बांधलं तसं मला सांभाळता आलं नाही. मी डॉक्टरबाईंना नीट सांगितलं नाही ते."

"हं," वहिनी म्हणाल्या.

"आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघितलं म्हणालो. मी बघितलं नव्हतं."

वहिनींनी नळ बंद केला. "माहीत आहे मला."

धाकट्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माहीत आहे म्हणजे?"

"तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून बघते आहे मी तुम्हाला. गृहपाठ झाला का विचारलं की असंच पटकन 'झाला' म्हणायचात, ताटाकडं बघत. आणि जेवायला येण्याआधी बघितलं म्हणे. तुम्ही कामावरून थेट इथंच आला होतात, तुमची लॅपटॉपची बॅग त्या खुर्चीवर होती. चेनसुद्धा उघडली नव्हती तुम्ही."

"मग बोलला का नाहीत? दादासमोर तरी म्हणायचं."

"काय म्हणू? हे खोटं बोलताहेत?" वहिनींनी हात पुसले. आवाज चढला नाही त्यांचा. "तुमच्या शब्दावर डॉक्टरबाईंचा विश्वास, तुमच्या दादांचा विश्वास. माझ्या शब्दावर त्या घटकेला कोणाचा होता? मी बोलले असते तर स्वतःला वाचवायला दिरावर घसरली, असंच झालं असतं. आणि खरं सांगू? तुम्ही बघितलं नाहीत हे कळत होतं, तरी रोज त्या खोक्यांपाशी बसून मी आठवत होते, की आपण स्क्रीन उघडी टाकून कधी उठलो होतो का. मलासुद्धा वाटायला लागलं होतं की माझ्याच हातून झालं."

धाकट्यानं विचारलं, "मग आज सगळ्यांसमोर माझे आभार का मानलेत?"

"नाहीतर डॉक्टरबाईंनी तिथंच विचारलं असतं, की आज सापडलं ते तेव्हा का नाही सापडलं. घरातल्या एकाची शोभा झाली होती तेवढी बास होती." त्यांनी भांडी पालथी घातली. "आता जा वर. मला थकवा आलाय."

"मी काय करू, वहिनी?"

"ते मला विचारू नका, भाऊजी. यातलं एवढं तरी तुमचं तुम्ही करा."

सकाळी केंद्र उघडायच्या वेळेला धाकटा डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला आणि बसा म्हणायच्या आत बोलायला लागला. यंत्रणा, अद्ययावत, सखोल असले शब्द त्यानं काढले नाहीत. पहारा बंद होता, चूक माझी होती, वहिनींनी विचारलं तेव्हा न बघता बघितलं म्हणून सांगितलं, आणि काल तुमच्याकडून शाबासकी घेऊन गेलो, असं त्यानं सरळ सांगितलं. बाहेर काउंटरवर वहिनी पेशंटला नाव विचारत होत्या. त्यांचा आवाज दाराच्या फटीतून आत येत होता.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावतील, काढून टाकतील, अशी त्यानं मनाची तयारी करून ठेवली होती. त्यांनी फक्त दाराकडं बघितलं आणि विचारलं, "हे तुमच्या वहिनींना ठाऊक आहे?"

"हो."

"काल माझ्यासमोर तुमचे आभार मानले, तेव्हाही तुमचं खोटं त्यांना ठाऊक होतं?"

धाकट्याला वर बघवेना. "हो," तो म्हणाला.